तेराशे ब्याण्णव जातं, त्र्याण्णव जात नाही

गुरुवारी भोसरीतल्या कंपन्या बंद असतात, आणि गुरुवारीच मी कंपनीत जातो. गेट उघडताना वॉचमन दर वेळी विचारतो, "काका, आज काय काढलंय?" मी म्हणतो, "काम आहे." काम असतंच असं नाही. रहाटणीच्या दोन खोल्यांत दिवसभर बसण्यापेक्षा बंद शेडमध्ये बसलेलं बरं वाटतं, इतकंच. बायको गेल्यापासून घरात भांडं पडलं तरी ते आपणच पाडलेलं असतं.

माझं शिक्षण सातवीपर्यंत, आणि त्यातलंही शेवटचं वर्ष गुरांमागंच गेलं. धाराशिवकडून पिंपरीत आलो आणि एका मोठ्या कंपनीच्या इन्स्पेक्शनला लागलो. हातात गेज आलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: गेज म्हणजे दोन टोकांचा लोखंडी दांडा. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पहिलं गेलं नाही तर माल बाद, दुसरं गेलं तरी माल बाद. मधे कुणाची शिफारस चालत नाही. बावीस वर्षं मी हेच केलं. सुपरवायझरच्या मेहुण्याचा माल मी बाद केलेला आहे. माझं शिक्षण विचाराल तर हे.

पुढं कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती दिली. मग रहाटणी-काळेवाडीच्या गच्च्यांवरून टीव्हीची केबल ओढली. पुढं तशाच वायरींतून इंटरनेट यायला लागलं, तर तेही ओढलं. जुन्या कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर काम करणारा एक जण तोवर स्वतःच्या कारखान्याचा मालक झाला होता. त्यानं मला वायर ओढायला बोलावलं. वायर ओढायला आलो आणि राहिलो. आता स्टोअरच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. त्या खोलीत मी आणि मशीनचा पंखा, दोघंच. चहावाला कप खिडकीत ठेवतो आणि खिडकीतूनच जातो.

आमच्या कंपनीची दोन ठिकाणं. भोसरीत ऑफिस आणि ड्रॉइंगचा विभाग, महाळुंग्याला मशीनी. दोन्हीच्या मधे पूर्वी भाड्याची खास लाइन होती. मालकांना ती नको झाली. एजन्सीचा माणूस आला, दिवे लुकलुकणारी पेटी दाखवून गेला. मी म्हणालो, पेटी नको, मी करतो. दोन जुने कॉम्प्युटर घेतले, दोघांत दोन-दोन नेटवर्क कार्डं बसवली, एक इथं ठेवला, एक तिथं. साध्या इंटरनेटमधूनच एकापासून दुसऱ्यापर्यंत एक बंद नळी काढली. या बाजूनं आलेलं उचलायचं आणि नळीत ढकलायचं, त्या बाजूनं आलेलं इकडं सोडायचं, एवढंच त्यांचं काम. मी त्यांना डबे म्हणतो. इंग्रजी मी अक्षर अक्षर लावून वाचतो. एकेक कमांड वहीत ड्रॉइंगवरचं माप उतरवावं तशी उतरवून घेतली आणि बघून बघून टाइप केली. पंधरा दिवस लागले, पण नळी चालू झाली. मालकांनी पाठीवर थाप मारली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी घरी जाताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं गेलो.

त्याच महिन्यात ड्रॉइंगला नवीन मॅडम लागल्या. तिशीतली मुलगी, दिघीहून स्कूटीवर यायची, तीन महिन्यांच्या बोलीवर होती. काम पटलं तर पुढं कायम. भोसरीत ड्रॉइंग करायचं आणि नळीतून महाळुंग्याच्या कॉम्प्युटरवर टाकायचं. तिथले ऑपरेटर ते उघडून मशीन लावणार. आणि ती आल्यापासून ड्रॉइंग अडकायला लागली. फाइलचं नाव पलीकडं दिसायचं, पण आत काही नाही. पाच-सात मिनिटं तशीच जायची आणि मग एरर. बाकी सगळ्यांचं बिनबोभाट चाललेलं. हजेरी जायची, स्टोअरच्या नोंदी जायच्या, निरोप जायचे.

मॅडमचा रोज फोन.

"काका, परत अडकलं."

"बाकीच्यांचं बरं जातंय?"

"बाकीचे दोन-दोन ओळी पाठवतात, काका. ड्रॉइंग मी एकटीच पाठवते."

"मग नीट पाठवा."

"नीट म्हणजे कसं? मागून हातानं ढकलू का?"

जीभ होती तिला. मी फोन ठेवून द्यायचो. पण दिवसातून दोनदा कुणीतरी 'काका' म्हणून फोन करतंय, याची सवय लागली होती, हे तेव्हा कळलं नव्हतं.

दोन-तीन महिने असेच गेले. मग एक दिवस महाळुंग्यात अख्खा लॉट जुन्या ड्रॉइंगवर कापला गेला, कारण नवीन ड्रॉइंग पोचलंच नव्हतं. सगळा माल भंगारात. सोमवारी सकाळी चहाच्या वेळी मॅनेजरनं सगळ्यांसमोर विचारलं, "काका, लाइनचा प्रॉब्लेम आहे का? खरं सांगा."

मी तयारीनिशीच आलो होतो. सगळ्यांना मॅडमच्या कॉम्प्युटरपाशी नेलं. नेटवर्कमधून जे काही जातं ते पाकिटं पाकिटं होऊन जातं, एका पाकिटात मावेल तेवढाच माल. या कॉम्प्युटरच्या वायरीवर एक पाकीट जास्तीत जास्त पंधराशे बाइटचं. त्यातले अठ्ठावीस वरच्या पत्त्या-बित्त्याचे, म्हणजे आतला माल चौदाशे बहात्तर. मी तेवढ्या मापाची हाक इथून महाळुंग्याच्या डब्याला मारली, म्हणजे तेवढं पाकीट पाठवायचं आणि तिकडून ओ येते का बघायचं. चार मारल्या, चारही परत आल्या.

"हे बघा," मी म्हणालो, "मोठ्यात मोठं पाकीट जाऊन परत येतंय. रस्ता साफ आहे. गाडी चालवणाऱ्याला येत नाही, त्याला रस्ता काय करणार?"

सगळे हसले. स्टोअरवाला म्हणाला, "मॅडम, आधी लायसन काढा!"

ती हसली नाही. स्क्रीनकडंच बघत म्हणाली, "मग माझंच का अडकतं, काका?"

"ते तुम्हाला माहीत पाहिजे. त्याचाच पगार घेता ना?"

हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालता आलं असतं तर घातलं असतं.

बुधवारी निघताना मॅनेजर गेटपाशी भेटला. म्हणाला, "शनिवारी मॅडमना सांगून टाकतो, काका. तीन महिने भरतायत. तुम्ही त्या दिवशी दाखवलंत ते बरं झालं, नाहीतर मी लाइनवरच शंका घेत बसलो असतो." मी मान हलवली. माझा शब्द असा चालतो, याचं बरंसुद्धा वाटलं. घरी आलो, भाकरी-पिठलं केलं, खाल्लं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गेटवर वॉचमननं नेहमीचं विचारलं, मी नेहमीचं उत्तर दिलं. मग तो म्हणाला, "मॅडम नाही आल्या का तुमच्याबरोबर? काल पण साडेसहाला पेन ड्राइव्ह घेऊन महाळुंग्याला गेल्या."

"काल पण म्हणजे?"

"रोजच जातात की. संध्याकाळी इकडून महाळुंगे, तिकडून परत दिघी. चाकण रोडचा तो ट्राफिक! एका दिवशी त्यांची पोरगी आजारी होती म्हणून गेल्या नाहीत, त्याच दिवशी तो लॉट कापला ना."

मी आत गेलो, पण खोलीत गेलो नाही. शेडमध्ये पडून असलेल्या जुन्या मशीनींवर निळं प्लॅस्टिक टाकलेलं होतं. तिथंच उभा राहिलो. इन्स्पेक्शनवाल्याला एवढं पुरतं. तीच फाइल पेन ड्राइव्हवरून नेली की महाळुंग्यात बरोबर उघडते. म्हणजे माल चांगला आहे. इथून निघताना चांगला, तिथं उघडताना चांगला. मग बिघडतं ते वाटेत. वाट माझी.

पण माझं गेज तर पास झालं होतं! चौदाशे बहात्तर गेलं होतं, सगळ्यांनी बघितलं होतं. मी मॅडमच्या खुर्चीवर जाऊन बसलो. तिच्या टेबलाला काच आहे, काचेखाली बसची वेळापत्रकं आणि एका लहान मुलीनं काढलेलं घर. कॉम्प्युटर चालू केला आणि परत चौदाशे बहात्तरची हाक मारली. गेली, आली. अडून बसायचं म्हटलं तर मी तिथंच अडून बसू शकलो असतो.

वही काढली. त्या कमांडखाली मी कधीतरी एक जादा अक्षर उतरवून ठेवलं होतं आणि पुढं लिहिलं होतं, 'तोडू नये'. म्हणजे पाकिटावर शिक्का मारायचा की वाटेत याचे तुकडे करू नका. हे मी कधी वापरलं नव्हतं. म्हटलं होतं, पोचल्याशी कारण, तुकडे झाले काय नि न झाले काय. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवशीचं माझं चौदाशे बहात्तर अख्खं गेलंच नव्हतं. डब्यानं त्याचे दोन तुकडे केले, नळीतून पाठवले, पलीकडं जोडले. गेज भोकात जात नाही म्हणून ते कापून आत घालायचं आणि वर 'पास' म्हणायचं, असं कुणी मला जुन्या कंपनीत सांगितलं असतं तर त्याला मी शॉपमधून हाकललं असतं. आणि सगळ्यांसमोर मी नेमकं तेच केलं होतं.

फाइल पाठवताना कॉम्प्युटर मात्र प्रत्येक पाकिटावर तो शिक्का आपणहून मारतो. तोडू नये.

मी ते अक्षर जोडून चौदाशे बहात्तर सोडलं. उत्तर नाही. हजार सोडलं, गेलं. चौदाशे, नाही. तेराशे, गेलं. तेराशे नव्वद, गेलं. पंच्याण्णव, नाही. मला माझे जुने हात परत मिळाल्यासारखं वाटत होतं. एकेक आकडा खाली-वर. तेराशे ब्याण्णव जातं, त्र्याण्णव जात नाही. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. ब्याण्णवमध्ये वरचे अठ्ठावीस मिळवले की चौदाशे वीस. माझ्या नळीचं माप. नळी काढली त्या दिवशी तो आकडा डब्यानं मला दाखवला होता आणि मी बघून सोडून दिला होता.

पण नळी अरुंद असणं हा काही गुन्हा नाही. आमच्या गेटातूनसुद्धा चाळीस फुटी ट्रेलर वळत नाही. वॉचमन काय करतो? पार्टीला फोन करतो, "एवढी मोठी गाडी आत येत नाही, छोट्या टेम्पोत पाठवा." डब्यानंही तेच करायचं असतं. पाकीट मावत नाही आणि तोडायचीही बंदी आहे, तर ते टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला निरोप द्यायचा की माझं माप एवढं आहे, घरूनच छोटी पाकिटं करून पाठव. निरोप मिळाला की कॉम्प्युटर ऐकतो. मग इथं निरोप का येत नव्हता? स्क्रीनवर नुसती शांतता का?

खोलीत जाऊन डब्याचे नियम उघडले. कशाला आत सोडायचं, कशाला अडवायचं, याच्या ओळी असतात त्या. नळी केली तेव्हा मी कुठंतरी वाचलं होतं, फायरवॉल म्हणजे भिंत, आणि शहाण्या भिंतीनं जास्त बोलू नये. मला स्वतःला हाक मारून बघायला लागते, म्हणून तेवढी हाक आणि तिची ओ चालू ठेवली होती. त्या जातीचे बाकीचे सगळे निरोप बंद. वहीत त्या ओळीपुढं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'फालतू बडबड बंद.'

वॉचमनला मी सांगितलं होतं की मोठ्या गाड्या परत लाव, आणि वर त्याचा फोनही काढून घेतला होता. पार्टी बिचारी तीच गाडी पुन्हा पाठवतेय, पुन्हा पाठवतेय, आणि आपला माल कुठं जातो ते तिला कळत नाही.

'माप मोठं झालं' एवढा निरोप सोडायची एक ओळ घातली. मॅडमच्या टेबलावर येऊन परत चौदाशे बहात्तर सोडलं. या वेळी लगेच उत्तर आलं, माझ्याच डब्याकडून: तोडायला लागेल, पण तोडू नये म्हटलंय. मग काल अडकलेलं ड्रॉइंग पाठवलं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत गेलं. दुसरं पाठवलं, गेलं. तिच्या यादीत अडकलेली होती ती सगळी पाठवली.

सांगायला म्हणून मागं वळलो. मागं निळं प्लॅस्टिक.

मुलीला फोन लावला, ती नाशकाला असते. म्हणाली, "बाबा, गाडीवर आहे, घरी गेल्यावर करते." केला असेलही, मला आठवत नाही. आणि करून तरी काय सांगणार होतो? तेराशे ब्याण्णव? चाळीस वर्षांत मी एवढी बारीक चूक पकडलेली नाही. पकडली ती माझीच निघाली, आणि शाबास म्हणायलाही कुणी नाही, थू म्हणायलाही नाही.

वॉचमन चहा घेऊन आला. "झालं का काम?"

"झालं."

"मग थोबाड का असं?"

"चहात साखर नाही."

"नेहमी फिकाच पिता की!"

तो गेल्यावर बराच वेळ बसून राहिलो. ती ओळ कुणाला दिसणार नव्हती. वहीतलं पान फाडलं की संपलं. उद्यापासून ड्रॉइंग जातील, लोक म्हणतील, लाइन पहिल्यापासून चांगलीच होती, मॅडमना उशिरा जमलं. आणि शनिवारी त्यांना सांगून टाकतील, कारण तो कापलेला लॉट त्यांच्याच नावावर राहील. माझ्या शब्दावर. बाद माल पास करणारा माणूस मी नव्हतो. चांगला माल मी बाद केला होता, आणि ते जास्त वाईट, कारण बाद झालेल्याला परत कुणी मोजत नाही.

शुक्रवारी चहाच्या वेळी सगळे जमले तेव्हा मी उभ्या उभ्या सांगितलं, "ड्रॉइंग अडकत होती ती माझ्या डब्यामुळं. मी एक निरोप बंद केला होता. मॅडमची चूक नव्हती. लॉट गेला तोही माझ्यामुळं."

मॅनेजर मला बाजूला घेत म्हणाला, "अहो काका, सगळ्यांसमोर कशाला? मला एकट्याला सांगायचं ना, मी बघितलं असतं."

"त्या दिवशी कुठं एकट्याला सांगितलं होतं?" मी मोठ्यानंच म्हणालो.

स्टोअरवाल्याला राहवलं नाही. "राव, मग लायसन काकांचंच रद्द करा की!" परत सगळे हसले. हसू दे. मी चहा संपवला आणि खोलीत आलो. शनिवार आला नि गेला, मॅडमना कुणी बोलावलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांना कायम केल्याचं पत्र मिळालं. मॅनेजरनं एजन्सीवाल्याला परत बोलावलंय असं ऐकतो. येऊ दे. डबे माझे चांगले आहेत. हुकूम चुकीचा होता, ऐकणारा नव्हे.

पत्र मिळालं त्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. पहिल्यांदाच आली असेल. पेढ्याचा पुडा खिडकीत ठेवला, कपांच्या जागेवर, आणि म्हणाली, "कुठली ओळ होती? दाखवा."

दाखवली. तिनं ती वाचली, मला लागतो त्याच्या दहाव्या हिश्श्यात. मग वहीतलं माझं अक्षरही वाचलं. 'फालतू बडबड बंद.' मी म्हणालो, "आता काही अडकणार नाही."

"माहितीये."

"मग?"

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "काका, तुम्ही त्या दिवशी खरं बोललात. सगळ्यांना सांगितलंत. मॅनेजर म्हणाले, असं कुणी करत नाही." मग म्हणाली, "रोज संध्याकाळी मी घरी पोचायचे तेव्हा माझी पोरगी झोपलेली असायची. तीन महिने. तुम्ही सगळ्यांशी बोललात. माझ्याशी नाही बोललात."

आणि गेली.

मला बोलता आलं असतं. दोनच शब्द होते, तोंडापर्यंत आले होते. पण या वयात तोंडातून बाहेर पडायला त्यांना वाट सापडत नाही, आणि माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल.

त्याला आता महिना झाला. ड्रॉइंग जातात. तिचा फोन येत नाही, यायचं कारणच राहिलं नाही. तिचं टेबल माझ्या खोलीपासून तीस पावलांवर आहे, मधे फक्त स्टोअरचं दार. एकदा त्या दारापर्यंत जाऊन आलो. स्टोअरवाल्यानं विचारलं, "काय काका, काही पाहिजे?" मी म्हणालो, "स्क्रू ड्रायव्हर." त्यानं दिला. तो माझ्याकडं आधीच होता.